दुसरे स्टिरॉइड होऊ नये म्हणून

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात एक मोठा बदल फारसा गाजावाजा न होता घडून आला आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरील टोफासिटिनिबची गोळी आता मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापुरती राहिलेली नाही. ती पेडण्याच्या आणि डिचोलीच्या बाजारपेठेतील औषधांच्या दुकानांत मिळते. पाठोपाठ बॅरिसिटिनिब आले, उपाडासिटिनिबचे नावही रुग्णांच्या तोंडून ऐकू येऊ लागले. या औषधांविषयी तज्ज्ञांच्या परिषदांतून पुष्कळ बोलले जाते. मला लिहायचे आहे ते तालुक्यातल्या कुटुंबवैद्याच्या खुर्चीवरून. औषध गावापर्यंत पोहोचले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु औषधाबरोबर त्याची शिस्तही गावापर्यंत पोहोचली पाहिजे. नाहीतर स्टिरॉइडच्या बाबतीत जे घडले तेच पुन्हा घडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या औषधांचे कार्य थोडक्यात पाहू. शरीरात दाह निर्माण होतो तेव्हा पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन ही त्या निरोपांची नावे. निरोप पेशीच्या दारापाशी येतो; पण तो आतल्या केंद्रकापर्यंत नेण्याचे काम दाराच्या आतल्या बाजूस बसलेली जॅनस कायनेज ही प्रथिने करतात. ती चार आहेत : जॅक एक, जॅक दोन, जॅक तीन आणि टिक दोन. जॅनस हा दोन तोंडांचा रोमन देव, त्यावरून हे नाव पडले. ही प्रथिने स्टॅट नावाच्या दुसऱ्या प्रथिनांना जागे करतात आणि स्टॅट केंद्रकात शिरून दाहाची यंत्रणा चालू करतात. टोफासिटिनिबचा रेणू जॅकच्या ऊर्जा घेण्याच्या खोबणीत जाऊन बसतो आणि निरोप तेथेच थांबतो.

यापूर्वीची जैविक औषधे निरोपाला दाराबाहेरच अडवत. इन्फ्लिक्झिमॅब आणि इटॅनरसेप्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती थोर औषधे आहेत. परंतु त्यांचे रेणू अवाढव्य. प्रतिपिंडाचे रेणुभारमान सुमारे दीड लाख, तर टोफासिटिनिबचे ३१२. प्रतिपिंड तोंडावाटे घेता येत नाही, त्याचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि ते २ ते ८ अंश तापमानात जपावे लागते. आषाढातल्या पावसात ज्या वाड्यांवर वीज तासन्‌तास नसते, तेथे ही अट किती जाचक आहे हे आपणांस सांगायला नको. लघुरेणूची गोळी मात्र डब्यात ठेवा, पाण्याबरोबर घ्या. शिवाय एखादा निरोप अडवण्याऐवजी अनेक निरोपांचा एकच मार्ग ती अडवते. हेच तिचे सामर्थ्य आणि हाच तिचा धोका.

किमतीचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. टोफासिटिनिब अमेरिकेत नोव्हेंबर २०१२ मध्ये मान्य झाले, तेव्हा त्याची किंमत आपल्या रुग्णाच्या स्वप्नातही बसणारी नव्हती. भारताच्या पेटंट कार्यालयाने या औषधाबाबतचा एक अर्ज आधी २०११ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर २०१५ मध्ये पुन्हा फेटाळला. पुढे अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, बॅरिसिटिनिबसाठी एका भारतीय कंपनीने सक्तीच्या परवान्याचा अर्ज केला आणि काही दिवसांतच मूळ कंपनीने सिप्ला, ल्युपिन, सन यांसारख्या कंपन्यांना स्वेच्छा परवाने दिले. कायद्याचा आणि लोकहिताचा हा विजय होता, याबद्दल मला संदेह नाही. ज्या स्त्रीला सकाळी तांब्या उचलता येत नव्हता ती या गोळीने आंगण सारवू लागलेली मी पाहिली आहे. या औषधांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

तरीही चिंता वाटते, कारण असे एक औषध आपल्याकडे पूर्वी आले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका संधिवाताच्या रुग्णेस कॉर्टिझोन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेवढ्या अवधीत त्याचे दुष्परिणामही दिसू लागले होते. पण औषध स्वस्त झाले, गुण तात्काळ येई, आणि मग ते कोणाच्याच ताब्यात राहिले नाही. दम्याला, खाजेला, तापाला, सांध्याला तीच पांढरी गोळी. आजही सांधेदुखीवर लांबच्या गावाहून आणलेल्या पुड्या घेणारी, चंद्रासारखा गोल चेहरा झालेली, पातळ कातडीची, ठिसूळ हाडांची माणसे आपल्या दवाखान्यात येतात. त्या पुडीत काय असते ते आपण सारे जाणतो. स्टिरॉइड वाईट नव्हते. ते ज्या रीतीने वाटले गेले ती रीत वाईट होती.

याच्या उलट उदाहरण थॅलिडोमाइडचे. हे झोपेचे औषध म्हणून १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीस आले आणि १९६१ मध्ये मागे घ्यावे लागले. जगभर दहा हजारांहून अधिक बालके त्यामुळे व्यंगे घेऊन जन्मली. असे औषध कायमचे गाडले जायला हवे होते. परंतु जेरुसलेममधील डॉ. शेस्किन यांना १९६० च्या दशकात कुष्ठरोगाच्या तीव्र प्रतिक्रियेत त्याचा विलक्षण गुण दिसला. ते टीएनएफ या दाहकारक प्रथिनाची निर्मिती कमी करते, हे १९९१ मध्ये कळले. म्हणजे दाहाच्या निरोपावर काम करणारा हा लघुरेणू आजच्या जॅकरोधकांच्या कितीतरी आधीपासून आपल्या हाती होता. १९९८ मध्ये अमेरिकेने कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेसाठी त्यास मान्यता दिली, ती मात्र कडक अटींवर : प्रत्येक रुग्णाची नोंद, प्रत्येक डॉक्टरची नोंद, औषध देणाऱ्या दुकानाची नोंद आणि गर्भधारणा नसल्याची खात्री. इतिहासातील सर्वांत बदनाम औषध नोंदवहीमुळे उपयोगी पडले आणि सर्वांत लाडके औषध नोंदवहीवाचून घातक ठरले. जॅकरोधक गोळ्या आज या दोन वाटांच्या तिठ्यावर उभ्या आहेत.

धोके काल्पनिक नाहीत. टोफासिटिनिबच्या पहिल्याच मान्यतेबरोबर क्षयासह गंभीर संसर्गाचा चौकटीतील इशारा छापला गेला होता. त्यानंतर ४,३६२ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले आणि हृदयविकाराचा निदान एक धोका असलेले होते. सुमारे चार वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण टोफासिटिनिब घेणाऱ्यांत ३.४ टक्के, तर टीएनएफरोधक घेणाऱ्यांत २.५ टक्के आढळले, कर्करोगाचे ४.२ आणि २.९ टक्के. शिरांत गुठळ्या होण्याचा धोका, विशेषतः मोठ्या मात्रेत, आधीच ध्यानात आला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टोफासिटिनिबबरोबरच बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिब यांनाही हा इशारा लागू केला. युरोपीय यंत्रणेने पासष्टीपुढील रुग्ण, धूम्रपान करणारे, हृदयविकाराचा वा कर्करोगाचा धोका असलेले यांना दुसरा योग्य पर्याय नसेल तरच ही औषधे द्यावीत असे ठरवले. फरक आकड्यांत लहान दिसतो. पण मधुमेह, रक्तदाब आणि विडी ही तिन्ही एकाच माणसात भेटणे आपल्या तालुक्यांत दुर्मीळ नाही.

आपल्या मातीत मात्र सर्वांत मोठा प्रश्न क्षयाचा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. इन्फ्लिक्झिमॅब बाजारात आल्यावर तीन वर्षांत क्षयाचे ७० रुग्ण नोंदले गेले, त्यांतील निम्म्याहून अधिकांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता, हा २००१ मधील अहवाल आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. निद्रिस्त जंतूंना गाठीत कोंडून ठेवणारी तटबंदी दाहाच्या निरोपांवर उभी असते. निरोप थांबवले की तट ढासळतो. जॅकरोधकांनाही हे लागू आहे. डिचोली तालुक्यात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. शिरगाव, मये, पाळी, सुर्ला या पट्ट्यात कितीतरी माणसांनी आयुष्याची वर्षे खाणींवर वा खनिजवाहू ट्रकांवर काढली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, त्यानंतर काहींचा लिलाव होऊन त्या पुन्हा सुरू झाल्या. फुप्फुसात गेलेली धूळ मात्र खाण बंद झाली म्हणून बाहेर येत नाही. सिलिकायुक्त धुळीने क्षयाचा धोका वाढतो आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशीही तिचा संबंध आहे. डॉ. कॅप्लन यांनी १९५३ मध्ये वेल्समधील कोळसा खाणकामगारांत ही जोडी वर्णिली होती. म्हणून साठीच्या संधिवाताच्या रुग्णास पूर्वी काय काम करीत होता हे विचारल्याशिवाय ही गोळी लिहू नये.

एक उदाहरण सांगतो. पेडणे तालुक्यातील एका शेतमजूर स्त्रीस तज्ज्ञाने सर्व तपासण्या करून, मेथोट्रेक्सेटने गुण न आल्यामुळे, टोफासिटिनिब सुरू केले होते. निर्णय योग्य होता. तिला बरे वाटले आणि मग तिने पुन्हा तिकडे जाणे सोडले. लांबचा प्रवास, एका दिवसाची मजुरी, ही तिची कारणे. जुन्या गोळ्यांची पट्टी दाखवून ती वर्षभराहून अधिक काळ दुकानातून औषध घेत राहिली. श्रावणात माझ्याकडे आली ती मंद तापाची आणि वजन घटल्याची तक्रार घेऊन. मध्यंतरी नायट्यासाठी कोणी इट्राकोनॅझोलचा महिनाभराचा क्रम दिला होता. मानेतील गाठीत क्षय निघाला. "दोतोर, सांधे तर बरे झाले होते," एवढेच ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. ती बरी झाली होती आणि त्यामुळेच कोणाचे लक्ष राहिले नव्हते.

या एका कहाणीत तालुक्याच्या डॉक्टरला ठाऊक असाव्यात अशा तीन गोष्टी आहेत. पहिली, ताप मंद असणे किंवा सीआरपी कमी असणे हा दिलासा नव्हे; हे औषध त्या खुणाच पुसते. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्या माणसास लेप्टोस्पायरोसिसची शंका असेल तर सीआरपीच्या आकड्यावर विसंबू नये. दुसरी, इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी औषधे टोफासिटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढवतात; फ्लुकोनॅझोलही. अशा वेळी दिवसातून दोनदाची ५ मिलिग्रॅमची गोळी एकदाच द्यावी लागते. आपल्या दमट हवेत नायटा घरोघरी आहे, त्यामुळे हा योग वारंवार येणार. तिसरी याच्या उलट : क्षयावरील रिफॅम्पिसिन टोफासिटिनिबचे प्रमाण सुमारे ८४ टक्क्यांनी घटवते. म्हणजे क्षयाचे उपचार चालू असताना ही गोळी चालू ठेवणे दोन्ही बाजूंनी व्यर्थ.

याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे या गोळ्यांचा सौंदर्योपचारातील शिरकाव. चाई पडून केस गेलेल्यांसाठी बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती तीव्र रोगासाठी. डोके पूर्ण उघडे पडलेल्या तरुणीचे दुःख हलके आहे असे मी म्हणणार नाही. पण लग्न ठरलेल्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई आहे म्हणून, क्षयाची चाचणी न करता, ही गोळी लिहिली जाऊ लागली तर स्टिरॉइडच्या वाटेवर आपण पहिले पाऊल टाकले असे समजावे.

रुग्ण विचारतात, मग हळद का नको? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते आपल्याच माशेलच्या भूमीत जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने दिलेल्या लढ्यामुळे. तो लढा मालकीचा होता. हळदीने संधिवात बरा होतो असा निवाडा त्याने दिला नव्हता. हळदीतील कुर्कुमिन प्रयोगशाळेत दाहाचे निरोप अडवते, पण पोटातून फारच थोडे शोषले जाते आणि लवकर नष्ट होते. २०१७ मधील एका सविस्तर आढाव्याने त्याच्या औषधी दाव्यांना बळकट पुरावा नसल्याचे दाखवले. स्वयंपाकातील हळद निर्धोक आहे. शोषण वाढवलेल्या कुर्कुमिनच्या कॅप्सुलांमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. तेथे अशा द्रव्यांच्या कसोशीच्या चाचण्या व्हाव्यात आणि त्यांत आपण ॲलोपॅथीवाल्यांनी सहकार्य करावे, अशी माझी इच्छा आहे. पुराव्याची कसोटी दोन्ही पॅथींना एकच असावी. १० मे २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्व गोमंतकीयांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली होती. मोठ्या चाचण्यांत ते औषध कोविडवर उपयोगी ठरले नाही. बॅरिसिटिनिब मात्र ८,१५६ रुग्णांच्या चाचणीत, रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू कमी करणारे ठरले. घाईने आणि भीतीने दिलेले औषध व तपासून दिलेले औषध यांतील अंतर आपण त्या वर्षात पाहिले आहे.

काही व्यवसायबंधू म्हणतील, हे तज्ज्ञांचे काम, आपण त्यात का पडावे? माझे उत्तर असे की औषध तज्ज्ञ सुरू करतो, पण रुग्ण आपल्याकडे राहतो. ताप, जुलाब, नागीण, पायाची सूज घेऊन तो प्रथम आपल्याच दारात येतो. दुसरे कोणी म्हणतील, एवढे भय दाखवले तर गरजू रुग्णही औषधाला मुकेल. हा आक्षेप मी अधिक गंभीर मानतो. पहिल्या दोन वर्षांत दाह आटोक्यात आला नाही तर बोटे कायमची वाकडी होतात. तेव्हा भीतीपोटी औषध नाकारणे हाही अन्यायच. म्हणूनच मी बंदी मागत नाही, नोंद मागतो.

आपल्या संस्थेने यासाठी चार गोष्टी कराव्यात, असे मी सुचवतो. पहिली, दोन्ही तालुक्यांसाठी मराठीत एक साधे रुग्णपत्रक छापावे. त्यावर औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख, क्षयाच्या चाचणीचा निकाल, छातीचा एक्स-रे, हेपॅटायटिस बी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृत आणि चरबी यांच्या नोंदी असाव्यात. हिमोग्लोबिन ९ च्या खाली असेल तर ही गोळी सुरू करू नये, एवढे वाक्य ठळक अक्षरांत असावे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे, हेही त्याच पत्रकावर लिहावे. दुसरी, निद्रिस्त क्षयाच्या चाचणीत कातडीवरील गाठ ५ मिलिमीटर असली तरी अशा रुग्णांत ती होकारार्थी धरावी आणि प्रतिबंधक उपचार द्यावेत. राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शनात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि सिलिकोसिसचे रुग्ण या दोन्ही गटांचा समावेश आहे. त्याचा लाभ आपल्या रुग्णांस मिळवून देणे आपले काम आहे. तिसरी, औषधविक्रेत्यांची एक बैठक बोलवावी. रिकामी पट्टी म्हणजे चिठ्ठी नव्हे, तीन महिन्यांहून जुन्या चिठ्ठीवर ही गोळी देऊ नये, एवढी विनंती पुरे. चौथी, जो दुष्परिणाम दिसेल तो भारताच्या औषध दक्षता कार्यक्रमास कळवावा. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क दूरध्वनी. तालुक्यातून गेलेली नोंद बांबोळीच्या महाविद्यालयातून गेलेल्या नोंदीइतकीच मोलाची असते.

डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे पेडण्यातील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. देशी वनस्पतीच्या औषधाचा कुष्ठरोगावर उपयोग होतो का, हे त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात रुग्णांवर धीराने तपासून पाहिले. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम अपुरे होते. ज्या दाहाशी ते झगडले त्याच्या निरोपांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत आणि ते अडवणारी गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. त्यांच्यापाशी नव्हते ते साधन आपल्यापाशी आहे. त्यांच्यापाशी होती ती चिकाटी आणि नोंद ठेवण्याची सवय आपण आणली पाहिजे. पुढील वार्षिक सभेपूर्वी हे रुग्णपत्रक छापून आपल्या प्रत्येक सभासदाच्या टेबलावर असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.